जुनी बाग पर्यावरणपूरक करताय? मग या चुका टाळा (किनाऱ्यावरच्या बागांसाठी)

कोकणात किनाऱ्याकाठच्या बऱ्याच गावांत एखादी जुनी सार्वजनिक बाग असते. कुठे संस्थानी थाटाची, कुठे साहेबाच्या कॅम्पातली, कुठे कुणा शेटजींनी गावाला दिलेली. जांभ्याचे कट्टे, एक विहीर, विहिरीपासून निघालेले पाट, चारदोन अवाढव्य झाडं, देवचाफ्याची रांग आणि संध्याकाळी कट्ट्यावर बसणारी तीच तीच मंडळी. हल्ली या बागांना निधी मिळायला लागलाय आणि प्रस्तावात "पर्यावरणपूरक" हा शब्द असल्याशिवाय फाईल पुढे सरकत नाही. हेतू वाईट नसतो कुणाचा. पण मी बरीच वर्षं अशा कामांत लुडबूड करतोय आणि जिथे जाईन तिथे त्याच त्या चुका बघतो, तेच पेव्हर, तेच लॉन, तोच बोअर. तोंडी सांगून कंटाळलो, म्हणून आता लिहून काढतोय.

एवढं आधी डोक्यात घ्या की जी बाग वीज नसताना, टँकर नसताना एवढी वर्षं टिकली ती मुळातच काटकसरी आहे. मधल्या काळात आपणच तिच्या ज्या सोयी बुजवल्या त्या बहुतेक वेळा परत चालू केल्या की निम्मं काम होतं. पण ते फोटोत दिसत नाही ना, तिथेच घोडं अडतं.

आल्या आल्या काम काढणं

मार्चमध्ये निधी, एप्रिलमध्ये टेंडर, मेमध्ये जेसीबी, हे आपलं वेळापत्रक. बाग काय वर्षभर एकसारखी नसते हो. माझा नियम साधा आहे, आधी एक पावसाळा आणि एक मे महिना नुसतं बघायचं. जुलैत धो धो पडत असताना छत्री घेऊन बागेत उभं राहायचं आणि पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, कुठल्या कोपऱ्यातून बाहेर पळतं ते कागदावर काढायचं. मग मेमध्ये जायचं, कुठलं झाड पाण्याविना हिरवंगार आहे, विहिरीला किती पाणी उरलंय, लोक दुपारी कुठल्या सावलीत बसतात, ते लिहायचं. एवढं केलं की कन्सल्टंटच्या अर्ध्या अहवालाची गरज संपते. निधी परत जाईल म्हणून ओरडतात सगळे. जाऊ दे की मग, चुकीच्या कामाला गेल्यापेक्षा बरा.

त्याच काळात बागेतून रिटायर झालेल्या माळ्याला गाठायचं. घरी जाऊन, चहा घेऊन, "मामा, या पाटाचं पाणी पूर्वी कुठवर जायचं?" असं विचारायचं. नकाशात नसलेली अर्धी बाग त्यांच्या डोक्यात असते. जुने फोटो पण शोधा, कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममध्ये मागे बाग दिसतेच. ऐतिहासिक बागांसाठी १९८१ साली इटलीत फ्लोरेन्सला एक सनद तयार झाली, तिच्यात अशा बागेला जिवंत स्मारक म्हटलंय आणि नीट अभ्यास केल्याशिवाय हात लावू नका असंच सांगितलंय. आपल्याकडे ती कुणी वाचत नाही, आणि वाचलीच तर प्रस्तावात मांडायला.

विहीर सोडून बोअर, आणि बोअरच्या जिवावर लॉन

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे इथे जरा जास्त बोलणार आहे.

किनाऱ्यालगतच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ हिशेब असा की समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची १ मीटर उंची असेल तर तिच्या जोरावर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकून राहतं. वरून १ मीटर उपसलंत की खालचं खारं पाणी हळूहळू त्याच पटीत वर यायला बघतं. म्हणून आपल्या पूर्वजांच्या विहिरी उथळ आणि रुंद. अष्टागरात अलिबाग, चौल, रेवदंड्याकडे नारळ-पोफळीच्या वाड्या पिढ्यान् पिढ्या रहाटावर चालल्या, रहाट सावकाश ओढतो, विहिरीला भरायला वेळ देतो. बोअरला साडेसात हॉर्सपॉवरचा पंप लावला की तो वेळ कुणी देत नाही.

किनाऱ्यावरच्या एका बागेची गोष्ट सांगतो, गावाचं नाव घेत नाही. मधोमध झकास जांभ्याची विहीर, पायऱ्या उतरणाऱ्या, पाणी मेपर्यंत. तिच्यापासून तीन पाट निघायचे, एक बकुळीकडे, एक अनंताच्या ताटव्याकडे, एक खाली माडांकडे. सुशोभीकरणात ठरलं की विहीर धोकादायक आहे, लहान मुलं पडतील, म्हणून वर स्लॅब. पाट अडखळायला होतात म्हणून काँक्रीट ओतून सपाट. आणि जिथे पूर्वी नुसती झाडलेली तांबडी जमीन होती, जिथे पोरं लगोऱ्या खेळायची, तिथे दहा गुंठे कार्पेट लॉन. पाण्याचं काय विचारलं तर म्हणे बोअर मारतोय, वर ड्रिप आणि स्प्रिंकलर, सगळं सोलर पंपावर, म्हणजे एकदम पर्यावरणपूरक. मी तिथेच वहीवर हिशेब मांडून दाखवला. आपल्या हवेत लॉनला फेब्रुवारी ते मे रोज चौरस मीटरला ५ लिटर तरी लागतात, दहा गुंठे म्हणजे साधारण १००० चौरस मीटर, रोजचे ५००० लिटर, चार महिन्यांचे ६ लाख लिटर. हे सगळं भरतीची गाज ऐकू येते एवढ्या अंतरावर, जमिनीच्या पोटातून. साहेब म्हणाले, "अहो पण सोलर आहे ना, बिल कुठे येणार?" बिल येत नाही हाच तर घोळ आहे! विजेचं बिल आलं असतं तर निदान कुणीतरी पंप बंद केला असता. सोलर पंप ऊन आहे तोवर ओढतच राहतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उन्हाला काय तोटा.

पहिलं वर्ष दृष्ट लागावी असं हिरवंगार गेलं, फीत कापली, वर्तमानपत्रात फोटो. दुसऱ्या उन्हाळ्यात माळीमामा म्हणाले पाणी मचूळ लागतंय. कुणी लक्ष दिलं नाही. मग अनंताच्या पानांच्या कडा करपायला लागल्या, आधी टोकं, मग आत आत तपकिरी. त्यावर उपाय म्हणून काय केलं असेल? रोग समजून बुरशीनाशक फवारलं. मग खत कमी पडतंय म्हणून युरिया. मग अजून पाणी, म्हणजे अजून मीठ. लॉनवर पांढरट चट्टे आले तेव्हा कुठे पाणी तपासायला दिलं, आणि रिपोर्ट आला तो बघून सगळे गप्प. सगळ्यात वाईट म्हणजे बागेखालच्या आळीतल्या दोन घरांच्या विहिरी पण मचूळ झाल्या, ज्यांचा लॉनशी काडीचा संबंध नव्हता.

बकुळ वाचली. कशी, तर बोअर बंद केला, विहिरीवरचा स्लॅब काढून लोखंडी जाळी बसवली (मुलं पडतील ही भीती खरीच आहे, पण तिच्यावर जाळी हा उपाय असतो), मेमध्ये गाळ उपसला आणि पाट परत मोकळे केले. मीठ घालवायला काय टाकू म्हणून कॉन्ट्रॅक्टर पोत्यांची यादी घेऊन आला होता. काही टाकू नको म्हटलं. आपल्याकडे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जांभी माती चाळणीसारखी गळते, दोन पावसाळ्यांत मीठ धुऊन गेलं. लॉन गेलं ते गेलंच. तिथे परत तांबडी जमीन आहे, कडेने हरळी, मेमध्ये पिवळी पडते आणि पहिल्या पावसात आपोआप हिरवी होते. पिवळी पडू द्या. कोकणातली बाग मेमध्ये थोडी पिवळी-तांबडीच दिसणार, तेच तिचं रूप आहे, बंगल्याच्या जाहिरातीतला हिरवा रंग तिला चिकटवायला जाऊ नका.

पाणी साठवायचंच असेल तर छप्पर बघा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर. बागेतल्या वाचनालयाचं किंवा माळ्याच्या खोलीचं १०० चौरस मीटर छप्पर असेल तर वर्षाला ३ लाख लिटर त्याच्यावर पडतं, वाया जाणारं धरून ८० टक्के हाताला लागलं तरी २ लाख ४० हजार. पहिल्या एकदोन सरींचं पाणी सोडून द्यायचं, नंतरचं वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून विहिरीच्या शेजारी जिरवायचं. थेट विहिरीत पन्हळ सोडू नका, कावळ्या-कबुतरांचं सगळं त्यात जातं.

आणि एक छोटा ईसी मीटर घ्या (पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून मीठ किती आहे ते दाखवतो), फार महाग नाही. पाणी ०.७५ (मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर) च्या खाली दाखवत असेल तर निवांत राहा, २.२५ च्या वर गेलं तर त्या पाण्याने नाजूक झाडं शिंपायची नाहीत. मी दर पंधरवड्याला एप्रिल-मेमध्ये मोजतो आणि भिंतीवर खडूने लिहून ठेवतो. वहीत लिहिलेलं कुणी बघत नाही.

म्हाताऱ्या झाडाच्या गळ्याशी पेव्हर

दुसरी आवडती (?) चूक. झाडाभोवती गोल कठडा बांधायचा, आत भराव टाकून वर फरशी, बसायला छान. बाहेर बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक. झाडाचं मूळ म्हणजे खाली सरळ गेलेला गाजरासारखा खुंटा असं चित्र लोकांच्या डोक्यात असतं. खरं म्हणजे झाडाची खाणारी-पिणारी मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात, आणि आपल्याकडे तर खाली कातळ लागला की ती आडवीच पळतात, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर. त्यावर काँक्रीट घातलंत की हवा बंद, पाणी बंद. बुंध्याला मातीचा भराव घातलात की साल कुजायला सुरुवात.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर गेलं तेव्हा आमच्या भागात कितीतरी झाडं पडली, त्यात एका बागेतली चिंच पडली त्याचं मला अजून वाईट वाटतं. चिंच सहसा पडत नाही. चिवट झाड. फांदी मोडेल, पण मुळासकट? सगळे म्हणाले वादळच तेवढं होतं, म्हातारी झाली होती. मी खाली जाऊन मुळं बघितली. दक्षिणेच्या अंगाची सगळी मुळं एका सरळ रेषेत तोडलेली, सुरीने कापावीत तशी, टोकं काळी पडून कुजलेली. आधीच्याच वर्षी तिकडून दिव्यांच्या केबलसाठी आणि पदपथाच्या कर्बसाठी चर खणला होता जेसीबीने. आणि वादळाचा जोर त्याच बाजूने आला. झाडाला उभं धरतात ती वाऱ्याच्या बाजूची मुळं, ती दोरासारखी ताणून धरतात, तीच कापली तर म्हातारं काय आणि तरणं काय. शेजारची उंडी जागच्या जागी उभी, कारण तिच्याकडे चर पोचायच्या आधी बजेट संपलं होतं.

चर काढलेला कुणाच्या लक्षात पण नव्हता. "एक फूटभर तर होता साहेब." फूटभरातच असतं सगळं.

३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास निसर्ग वादळ आत शिरलं तेव्हा वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या, तिथे कुणाचा इलाज नव्हता. पण सगळं वादळावर ढकलायचं हे काही बरोबर नाही.

दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ सालीच झाडांभोवतीचं १ मीटर काँक्रीट काढायला सांगितलं होतं. १ मीटर म्हणजे रस्त्यावरच्या झाडासाठी तडजोड झाली. जुन्या बागेत एवढी कंजुषी कशाला? मी फांद्यांच्या घेराखाली काहीच पक्कं करू देत नाही, बसायला जांभ्याचे चिरे मातीवर नुसते मांडायचे, सिमेंट न लावता, मूळ आलं तर चिरा सरकवायचा. चालायला मुरूम किंवा चिऱ्याचे तुकडे. बुंध्याचा मुळांकडे पसरत जाणारा भाग डोळ्यांना दिसला पाहिजे, विजेच्या खांबासारखं झाड सरळ जमिनीत घुसलेलं दिसत असेल तर भराव आहे समजा, तो हाताने, खुरप्याने काढा, फावड्याने नाही. केबल टाकायचीच असेल तर घेराच्या बाहेरून फिरवून न्या. लांब पडते, वायर जास्त लागते, लागू दे.

आणि हो, राज्याच्या शहरी भागांसाठीच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष धरलंय. म्हणजे अशा बागेतली निम्मी झाडं त्यात बसतात. फांद्या छाटण्याआधी वृक्ष प्राधिकरणाकडे जायचं असतं, माळ्याला कोयता देऊन मोकळं व्हायचं नसतं.

जांभ्याला सिमेंट, आणि वर जांभ्याचाच रंग

याचा राग येण्यापेक्षा हसूच येतं आता. जांभा मुळात तांबडा. त्याला सिमेंटचा गिलावा करायचा, गिलाव्यावर तांबडा ऑइलपेंट मारायचा, आणि त्यावर पांढऱ्या रंगाने चिऱ्यांचे सांधे काढायचे. म्हणजे खऱ्या दगडावर खोटा दगड!

नुकसान असं की जांभा सच्छिद्र, पावसाळ्यात पाणी पितो आणि नंतर सोडतो. त्याच्यावर घट्ट सिमेंट बसवलं की ओल आत कोंडते, त्यात किनाऱ्याची खारी हवा, मीठ सालीच्या मागे गोळा होऊन दगडाचा भुगा करतं. चार-पाच वर्षांनी गिलावा पोपडा धरून पडतो आणि सोबत दगडाचा एक थर घेऊन जातो. सांधे चुन्यातच भरा. चुन्याचं काम दिवाळीनंतर काढायचं, मेच्या कडक उन्हात किंवा पावसाच्या तोंडावर नाही, आणि पहिले काही दिवस गोणपाट भिजवून झाकून ठेवायचं, कारण चुना सावकाश हवेतून घट्ट होतो, त्याला सिमेंटसारखी घाई नसते. तेवढा धीर नसेल तर सांधे आहेत तसे राहू द्या, काही बिघडत नाही. समुद्राची वाळू वापरणाऱ्या गवंड्याला गेटवरूनच परत पाठवा.

"परदेशी झाडं तोडा, देशी लावा"

हे नवीन खूळ. कुणीतरी मोबाईलवर काहीतरी वाचतं आणि गुलमोहराकडे कुऱ्हाड घेऊन धावतं. गुलमोहर मादागास्करचा आहे, मान्य. देवचाफा मध्य अमेरिकेचा, मान्य. मग काजू कुठला? पोर्तुगीजांनी आणलेलाच ना, तो उपटणार का वेंगुर्ल्यातून? जुन्या बागेत बाहेरून आणलेली झाडं हाच तिच्या इतिहासाचा भाग असतो, त्या काळी बाग म्हणजे हौसेने कुठून कुठून रोपं आणून लावायची जागा होती. भायखळ्याची १८६२ साली उघडलेली राणीची बाग बघा, तिथली गोरखचिंच आफ्रिकेची आहे, तोडायची?

माझा भेद वेगळा आहे. जे झाड जागच्या जागी उभं आहे ते राहू दे, मरेल तेव्हा जुन्या जागी त्याच जातीचं लावा. जे आपणहून पसरतं, सुबाभूळ, घाणेरी, रानमोडी, ते मात्र काढाच, आणि फूल यायच्या आधी काढा. आणि जिथे नवीन जागा भरायची आहे तिथे सुरंगी, नागचाफा, बकुळ, रातांबा, उंडी. उंडीला खारा वारा सोसतो, समुद्राच्या बाजूला तीच पहिली ओळ. सुरंगीला फूल यायला वर्षानुवर्षं लागतात म्हणून कुणी लावत नाही. उद्घाटनाला फुललेलं दिसावं असा हट्ट असेल तर झेंडूच्या कुंड्या भाड्याने आणा.

कोनोकार्पस हे शोभेचं परदेशी झाड लावू नका. याच्यावर चर्चा नको, गुजरातने २०२३ मध्ये बंदी घातली ती उगाच नाही.

कातळात खड्डा आणि जून महिन्यात फोटो

कातळात फुटभराचा खड्डा फोडून त्यात विकतची काळी माती आणि रोप. पावसात त्या खड्ड्यात पाणी भरतं, ते जाणार कुठे, खाली दगड, बाजूला दगड. महिनाभरात मुळं कुजतात आणि लोक म्हणतात नर्सरीवाल्याने फसवलं. खड्ड्याच्या उताराकडच्या बाजूला पहारीने एक खाच मारून पाण्याला वाट काढून द्यायची, पाच मिनिटांचं काम. काळी माती आणू नका, तिथलीच तांबडी माती, शेणखत आणि कुजलेला पाला. तळाशी नारळाची सोडणं, खोलगट बाजू वर करून, थरावर थर. ती पावसाचं पाणी धरून ठेवतात आणि मार्च-एप्रिलमध्ये रोपाला देतात. वाडीवाले हे कायमच करत आलेत, मीही तिथूनच उचललं.

रोपटं लावणं हा चार तासांचा समारंभ आणि जगवणं हा तीन उन्हाळ्यांचा पगार. दुसऱ्याची तरतूद नसेल तर पहिलं करू नका.

पाला जाळणं, आणि त्याहून हुशार लोकांचा खतखड्डा

पाला जाळणाऱ्यांना काय सांगायचं, ते सोडून देऊ. पण आता बऱ्याच बागांत खतखड्डे झालेत, चांगली गोष्ट, फक्त ते करतात कुठे तर नेमके माडांच्या शेजारी, सावली आहे म्हणून. गेंड्या भुंगा अंडी घालतो ती अशाच कुजत्या शेणा-पाल्यात आणि मेलेल्या माडाच्या ओंडक्यात. तिथे अळ्या गुबगुबीत होतात, भुंगा होऊन वर उडतो आणि माडाचा कोवळा कोंब कुरतडतो. मग झावळी उघडली की कात्रीने कापल्यासारखी त्रिकोणी दिसते. खड्डा माडांपासून लांब घ्या, दर महिन्याला उलथा, पांढऱ्या जाडजूड अळ्या दिसल्या की वेचून कोंबड्यांना घाला (शेजाऱ्याच्या कोंबड्या आपोआप येतात, आमंत्रण लागत नाही). पडलेला ओंडका बागेत शोभेला ठेवू नका. भुंग्याच्या अळ्यांवर मेटारायझियम नावाची बुरशी पण वापरतात, रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठात विचारा, तिथली माणसं शांतपणे समजावून सांगतात.

माडाला खिळे मारून दिव्यांच्या माळा लावू नका. जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, आणि तो आत शिरलेला बाहेरून कळतो तेव्हा शेंडा मान टाकायच्या बेतात असतो.

दिवे

पांढरे झगझगीत एलईडी, झाडांवर खालून वर. वीज कमी लागते म्हणून रात्रभर. जिथे मेअखेर काजवे दिसायचे तिथे आता दिसत नाहीत म्हणून हळहळतात तीच माणसं हे लावतात. पिवळसर उजेड, २७०० केल्विनच्या आसपासचा, गुडघ्याच्या उंचीवर, तोंड जमिनीकडे, बाग बंद झाली की बंद.

प्लास्टिकचं गवत: नको. सेल्फी पॉइंट: गेटच्या बाहेर. कारंजं: जुनं असेल तर दुरुस्त करा, नसेल तर नवीन नको. गप्पी मासे बंद टाक्यात ठीक, वाहत्या पऱ्ह्यात सोडायचे नाहीत.

बिघडलंय, आता काय? (घाईत असलेल्यांसाठी, म्हणजे सगळ्यांसाठी)

पानांच्या कडा करपल्या तर फवारणीआधी पाणी तपासा. पाणी चांगलं निघालं आणि फक्त समुद्राकडच्या बाजूचीच पानं करपली असतील तर खारा वारा आहे, त्या बाजूला आडोसा वाढवा.

जुन्या झाडाचे शेंडे वाळायला लागले तर वर बघू नका, खाली बघा. गेल्या चार-पाच वर्षांत बुंध्याजवळ काय बांधलं, काय खणलं ते आठवा. आठवत नसेल तर बिलं काढा, नगरपालिकेत बिलं हरवत नाहीत.

विहिरीला पाणी आहे पण पाट कोरडा, तर बहुतेक मध्ये कुणीतरी पदपथाखाली पाइप न टाकता पाट बुजवलाय. पावसात पाणी कुठे फुगतं ते बघा, तिथेच तोडा.

पोफळींची फळं पावसात कुजून गळत असतील तर पाऊस सुरू व्हायच्या आधी १ टक्का बोर्डो मिश्रण (बुरशी रोखणारं) फवारायला हवं होतं, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मिश्रणात लोखंडी पातं बुडवून बघा, तांबूस झालं तर चुना अजून घाला. मोरचूद लोखंडी बादलीत कालवणाऱ्याला काय म्हणावं. प्लास्टिकचा ड्रम घ्या.

जांभ्याच्या कट्ट्यावर पांढरी पूड येत असेल तर पाणी मारून धुऊ नका, धुतलेलं मीठ परत दगडातच जिरतं. कोरड्या दिवसात साध्या कडक ब्रशने खरवडायचं, खाली कागद धरून, आणि ती पूड बागेच्या बाहेर टाकायची. दरवर्षी थोडी कमी येते. आणि कट्ट्याच्या मागे कुणी नळ गळका ठेवलाय का तेही बघून घ्या, बहुतेक वेळा ठेवलेला असतो.